मशीनले बोलू द्या

“तुमी बोलू नका. मशीनले बोलू द्या.”

आमच्या शिवणकामाच्या ग्रुपवर मावशींचा हा निरोप रोज एकदा तरी यायचा. एखादी नवी बाई ग्रुपात यायची आणि आपल्या मशीनचं दुखणं बोलून पाठवायची. मशीन लग्नात मिळालेली, आधी बरी चालायची, नणंदेनं तिच्यावर जीन्स शिवली तेव्हापासून बिघडली, आणि नणंद कशी आहे ते तर विचारूच नका. एवढ्या सगळ्यावर मावशींचं उत्तर हे एवढंच. आवाज सपाट आणि जरा मोठा. त्यात ना राग, ना हसू.

मग ती बाई खजील होऊन नुसता मशीनचा आवाज पाठवायची. थोड्या वेळानं मावशी सांगायच्या, सुई बोथट झाली, बदलवजो. किंवा, पट्टा ढिला झाला, बोटभर काप. ती बाई तसं करायची आणि मशीन सुरळीत चालायला लागायची. ग्रुपात आम्ही सगळ्या अशाच, घरी बसून ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या. अकोल्याच्या, अमरावतीच्या, काही धामणगावच्या, वरूडकडच्या. जिला जे येतं ते ती सांगायची. कोणी गळ्याचा कट शिकवायची, कोणी अस्तर कुठं चांगलं मिळतं ते. पण मशीन अडली की सगळ्या मावशींकडे.

मावशींना कोणी पाहिलं नव्हतं. नावापुढे फोटो म्हणून एक रिकामी बॉबिन होती. बडनेऱ्याला राहतात एवढंच माहीत. फोन केला तर कधी उचलायच्या नाहीत. बोलून पाठवलं तर ‘लिहून पाठव’ म्हणायच्या. काही जणींना वाटायचं, बाईला फार गर्व आहे. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, सगळ्यांच्या उपयोगी पडणारं, पण कोणाला उंबऱ्याच्या आत न घेणारं. आपण त्याला शिष्ट म्हणून मोकळे होतो.

मी अकोल्यात राहते. माझ्या मशीनचा खालचा धागा गुंतायला लागला तेव्हा मीही एका दुपारी आवाज पाठवला. उत्तर आलं, शटलमध्ये तुकडा अडकला आहे, काढ, ब्रशनं झाड, तेल टाक. तुकडा निघाला, लाल धाग्याचा. मी धन्यवाद लिहीत होते, तेवढ्यात त्यांचा दुसरा निरोप आला.

“अन् तुझ्यामागं कोन उभं होतं?”

मी एकटीच होते. नवरा कामावर, मुलगी कॉलेजात. आतल्या खोलीत मामाजी, म्हणजे माझे सासरे, अर्धांगवायूनं कितीतरी महिने खाटेवर पडून. मी लिहिलं, मागे कोणी नव्हतं. मावशींनी कळवलं, होतं, दारात होतं, आणि त्याला धाप लागली होती.

तो सगळा दिवस मी मशीन फिरवून, दाराकडे तोंड करून शिवलं. संध्याकाळी मामाजींना चहा पाजताना थट्टा म्हणून हे सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. तसंच भिंतीकडे पाहत म्हणाले, “मीच होतो. रोज उठून पाह्यतो. भिंतीले धरून दारापर्यंत येतो. तुही मशीन चालू असली का तुले माहे पाय आयकू येत नाई.”

पडले असते तर आम्ही त्यांना पुन्हा उठूच दिलं नसतं, म्हणून त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी दाराशी एक स्टूल ठेवायला लागले. त्यावर आम्ही दोघं कधी काही बोललो नाही. मशीन सुरू झाली की ते यायचे, स्टुलावर बसायचे. मी वळून पाहायची नाही.

ही गोष्ट मी ग्रुपात सांगितली नाही. पण नंतर धामणगावच्या एका बाईचं झालं ते सगळ्यांना कळलं. तिची मशीन टाका सोडत होती. तिनं आवाज पाठवला आणि मावशींचं उत्तर लगेच आलं. एरवी त्या वेळ घ्यायच्या. मशीन थांबव, दिव्याचं बटण दाबू नको, काही पेटवू नको, दारं उघड अन् शेगडीपाशी जाऊन पाह्य. त्या बाईला सर्दी झाली होती, तिला वास आला नव्हता. गॅसची नळी चिरली होती आणि घरभर गॅस पसरला होता. लहान लेक पाळण्यात झोपली होती. ती बाई लेकीला घेऊन अंगणात उभी राहिली आणि तिथूनच ग्रुपवर रडली. मशीनच्या खडखडाटाखाली ती बारीक सूं मावशींनी कशी ऐकली, हे कळायला आम्ही सगळ्यांनी तो आवाज पुन्हा पुन्हा लावून पाहिला. आम्हाला मशीनशिवाय काही ऐकू येईना.

त्यानंतर काही दिवसांनी मला अमरावतीला लग्नाला जायचं होतं. बडनेऱ्याला गाडीतून उतरले आणि ठरवलं की यांना पाहूनच पुढे जायचं. ग्रुपातल्या एकीनं त्यांना कुरिअरनं दोरे पाठवले होते, तिच्याकडून पत्ता घेतला.

गल्लीच्या टोकाला दोन खोल्या. दार उघडं. मावशी दाराकडे पाठ करून शिवत होत्या. बारीक अंगाची बाई, पांढऱ्या केसांची, मान वाकलेली. मी हाक मारली. पुन्हा मारली. जवळ जाऊन मारली. त्या शिवतच होत्या. समोरच्या घरातली बाई तिच्या ओट्यावरून म्हणाली, “त्यायले आयकू येत नाई वं. ते बटण दाबा.”

चौकटीला एक बटण होतं. ते दाबलं तसा मावशींच्या मशीनसमोरचा बल्ब लागला आणि त्या वळल्या.

मी तिथेच उभी राहिले. ज्या बाईच्या कानावर आमच्या दोन जिल्ह्यांच्या मशिनी चालत होत्या, तिला माझी हाक ऐकू आली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बसायला पाट दिला आणि काळ्या कापडाचा एक तुकडा अन् शिंप्याचा खडू माझ्या हातात ठेवला. यावर लिही म्हणाल्या. मी नाव लिहिलं. त्यांनी वाचून हातानं पुसलं आणि पहिलं विचारलं ते हे, की तो दारातला माणूस आता कुठवर चालतो. मी लिहिलं, अंगणापर्यंत. त्यांनी तेही पुसलं आणि मान हलवली.

त्यांचं आयुष्य गणवेश शिवण्याच्या एका कारखान्यात गेलं होतं. मोठ्या पत्र्याच्या शेडखाली रांगेनं मशिनी. वर्षानुवर्षं त्या खडखडाटात बसून कान हळूहळू गेले. नवरा वारला, मूलबाळ नाही. कान गेल्यावर हात ऐकायला लागले, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला दाखवलं. फोन कानाला न लावता कानामागच्या हाडाला घट्ट दाबला, दुसरा तळवा मशीनच्या फळीवर पसरला आणि डोळे मिटले. तेवढ्या वेळात चेहरा असा झाला की मला वाटलं, आपण इथून बाहेर जावं.

डोळे उघडून म्हणाल्या, “माणसायचं बोलणं मले आयकू येत नाई. बाकी सारं येते.”

बाकी म्हणजे काय, ते मी लिहिलं नाही. पण त्यांनी आपणहूनच सांगितलं, पाऊस कधी येईल ते सांगावं तसं. म्हणाल्या, बाजूचं घर पावसाळ्यापासून बंद आहे, पण दुपारी तिथं कोणी तरी भांडी घासतं. या भिंतीला हात लावला की समजतं. पितळेची भांडी असावीत. मी भिंतीला कान लावला. काही नव्हतं. निघताना बाजूच्या दाराकडे पाहिलं, तर कुलपावर गंज चढला होता आणि कडीत कोळ्यानं जाळं विणलं होतं.

लग्नात माझं लक्ष लागलं नाही.

मावशींना ऐकू येत नाही हे मी ग्रुपात सांगितलं नाही. त्यांनी मला तसं बजावलं नव्हतं, पण सांगू नये असं वाटलं. तिकडे ग्रुपचं काहीतरी भलतंच होत चाललं होतं. गॅसची गोष्ट या ग्रुपातून त्या ग्रुपात गेली आणि नव्या नव्या बायका येऊ लागल्या. त्यांच्यातल्या पुष्कळ जणींकडे मशीनच नव्हती. कोणी बंद खोलीचा आवाज पाठवायची आणि विचारायची, मावशी, आमच्या घरात कोणी आहे का. कोणी पाळण्याचा, कोणी माळ्यावरचा. एकीनं नवऱ्याच्या खिशात फोन ठेवून तो दिवसभर कुठं कुठं जातो त्याचा आवाज पाठवला. आम्ही हसलो, पण ते हसणं फार टिकलं नाही. गळ्याचे कट, अस्तर, सगळं मागे पडलं. मावशी प्रत्येकीला एकच लिहायच्या, ही मशीन नाही.

तेवढ्यात शेंदूरजनाघाटच्या एका जुन्या सभासद बाईनं आवाज पाठवला. ही बाई तशी नव्हती. संत्र्याच्या बागेचं घर, हाताला खूप चांगली, आम्हाला बाह्या बसवायला तिनंच शिकवलं होतं. तिनं बिचकत लिहिलं की हे मशीनचं नाही, पण राहवत नाही. यांचा श्वास झोपेत मध्येच अडकतो आणि कितीतरी वेळ परत येत नाही. काल दुपारी जेवून आम्ही दोघं आडवे झालो तेव्हा मी दोन उशांच्या मध्ये फोन ठेवला होता. मावशी, एकदा ऐका.

मावशींनी ‘ही मशीन नाही’ असं लिहिलं नाही. त्यांनी आवाज ऐकला, हे दिसत होतं. त्या दिवशी काही उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाहिलं तर मावशी ग्रुप सोडून गेल्या होत्या.

त्या बाईचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा. तिनं मला फोन केला. मावशी उत्तर न देता निघून गेल्या म्हणजे त्यांना काय ऐकू आलं असेल, हे एकच ती विचारत होती. नवरा हसण्यावारी नेत होता, पण तोही आतून हलला होता. तिनं त्याला अमरावतीला डॉक्टरकडे नेलं, छातीच्या, रक्ताच्या सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, नाकाचं हाड वाकडं आहे आणि वजन वाढलंय, बाकी काही नाही. तिचा विश्वास बसेना. रोज दुपारी तो झोपला की ती त्याच्या पाठीशी हात ठेवून बसायची. शिवणं तिनं बंद केलं होतं. मला म्हणाली, “ताई, एकदा त्यायले विचारून या. जे असन ते आयकायची माझी तयारी आहे.”

मी बडनेऱ्याला गेले. मावशींच्या दाराला कुलूप होतं. समोरची बाई म्हणाली, भाचीकडे चिखलदऱ्याला गेल्या, मशीन जीपवर बांधून नेली.

परतवाड्यावरून एसटीनं चिखलदऱ्याला पोचले तेव्हा दुपार होती, पण उजेड संध्याकाळसारखा. भाचीची रस्त्याला लागून चहा-नाश्त्याची टपरी आणि मागे घर. मागच्या पडवीत मावशी बसल्या होत्या. मशीन कोपऱ्यात, अंगावर चादर पांघरलेली. मला पाहून त्या दचकल्या. आणि विचारलं, त्या दोघांपैकी कोण गेलं?

मी घाईघाईनं खडूनं लिहिलं, कोणी नाही, दोघं बरी आहेत. त्यांनी वाचलं, पुसलं नाही. मग हळूहळू सगळं सांगितलं.

हाडाला फोन लावला की आपला स्वतःचा श्वासही त्यात मिसळतो. तो सवयीनं ओळखायचा आणि बाजूला ठेवायचा, तेव्हा पलीकडचं नीट लागतं. त्या आवाजात नवरा-बायको दोघं झोपलेली. म्हणजे तिघांचे श्वास पाहिजेत, त्यांचे दोन आणि मावशींचा एक. मावशींना दोनच लागले. फोन पुसून पाहिला, दुसऱ्या बाजूच्या हाडाला लावून पाहिला. दोनच. त्यांना वाटलं, त्या घरातलं एक माणूस आता राहणार नाही. आणि दोघांतलं कोणतं, तेही कळेना.

“काय लिहू वं तिले?” मावशी म्हणाल्या. “मशीन असती तर सांगतलं असतं, हे बदलव, ते बदलव.”

खोटं लिहिता येत नव्हतं, खरं लिहवत नव्हतं. म्हणून त्या ग्रुपातून गेल्या आणि मग घरातूनही. फोन बंद करून पिठाच्या डब्यात ठेवला होता. इथं आल्यापासून रोज वाट पाहत होत्या की कोणीतरी येईल आणि सांगेल. मी आले तेव्हा त्यांना वाटलं, आलं.

मी डॉक्टरांनी काय सांगितलं ते सगळं लिहिलं. कापड भरलं, उलटं करून लिहिलं. त्यांनी सगळं वाचलं, पण चेहऱ्यावरचा ताण सुटला नाही. डॉक्टर मशीन लावून ऐकतात, असं काहीसं पुटपुटल्या. मी बाहेर येऊन शेंदूरजन्याला फोन लावला आणि तिला खरं ते सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मग ती म्हणाली, आम्ही येतो.

त्याच रविवारी दोघं आली, संत्र्यांची पेटी घेऊन. मीही पुन्हा गेले. नवरा उंच, जाड, मोठमोठ्यानं बोलणारा माणूस. मावशींना ऐकू येत नाही हे सांगूनही तो त्यांच्याशी बोलतच राहिला. म्हणाला, मावशी, मी काही इतक्यात जात नाही, यंदा बाग चांगली आहे. मावशींनी त्याला हातानं खुणावून पडवीत बसवलं. त्याच्या पाठीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. तो गप्प झाला. टपरीवर चहा गाळणारी भाचीही हात थांबवून पाहत होती. मावशींचा हात तिथं किती वेळ होता, कोणास ठाऊक. मग त्यांनी त्याच्या बायकोच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती हलली नाही.

मावशींनी डोळे उघडले. दोघांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. दातात फट होती, त्यामुळे हसणं लहान पोरीसारखं दिसलं.

“दोघायचेबी आहेत,” त्या म्हणाल्या. “मंग जो लागत नव्हता तो माझा होता.”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. मावशींच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट इतके दिवस डोक्यावर घेतलेलं ओझं कोणीतरी हात लावून उतरवून घ्यावं तशा त्या सैल झाल्या होत्या. पेटीतलं एक संत्रं काढून त्यांनी सोललं आणि फोडी आमच्यात वाटल्या. साल पातळ आहे, माल नागपूरला पाठवजो, असं त्याला सांगितलं. भाचीला म्हणाल्या, चहात साखर जास्त टाक, पाहुणे आहेत. परत निघताना त्या बाईला जवळ घेऊन तिच्या कानात काहीतरी बोलल्या. काय, ते तिनं मला आजवर सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाही.

त्यांनी मशीनवरची चादर काढली, पिठाच्या डब्यातून फोन काढला आणि महिनाभर पुन्हा ग्रुपात होत्या. खोल्यांचे आवाज पाठवणाऱ्या बायका तोवर कंटाळून गेल्या होत्या. उरलेल्या आम्ही जुन्याच. कोणाचा पट्टा, कोणाची सुई. मावशी आता जास्त वेळ घ्यायच्या, पण चुकायच्या नाहीत. एकदा मी खडूऐवजी फोनवरच लिहून विचारलं, मावशी, तुमचा लागतो का आता? त्यांनी उत्तर दिलं, मी तिकडे ध्यान देत नाही, दुसऱ्याच्या मशिनी आहेत.

पौषात भाचीचा फोन आला. मावशी सकाळी उन्हाला बसल्या होत्या, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकल्या.

मी पहाटेच्या गाडीनं निघाले. अमरावतीहून शेंदूरजन्याची ती दोघं बरोबर आली. चिखलदऱ्याला वर पोचलो तेव्हा धुकं अजून विरलं नव्हतं आणि हात बधिर होत होते. त्या गावात मावशींचं भाचीशिवाय कोणी नव्हतं. खांदेकरी कमी होते. त्या बाईच्या नवऱ्यानं चपला काढल्या आणि पुढचा खांदा घेतला. भाचीच्या नवऱ्यानं वाटेत दोनदा बदलायला हात पुढे केला, त्यानं मान हलवून नको म्हटलं.

आम्ही बायका वळणापर्यंत गेलो आणि थांबलो. पुढे रस्ता चढाचा. तो जड माणूस, अनवाणी, खांद्यावर तिरडी. त्याची धाप आम्हाला मागून ऐकू येत होती. मध्येच ती अडकायची. तेव्हा त्याची बायको माझं मनगट घट्ट धरायची, आणि ती परत सुरू झाली की सोडायची. थंडीत त्याच्या तोंडातून वाफ निघून खांद्यावरून मागे येत होती. आधी पुढची माणसं धुक्यात गेली, मग तिरडी गेली. वाफ थोडा वेळ दिसत राहिली. मग त्यातलं धुकं कोणतं आणि त्याचा श्वास कोणता, ते आम्हाला वेगळं काढता येईना.